नवा टॅब उघडला की कामाचेच पान यावे, यासाठी काय करावे?

जांबोटी_रोड (धागाकर्ता)

बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक मदतनीस मुलगा आणि जून महिन्यात पायरीपर्यंत जाणारी रांग, असा एकूण पसारा आहे. दिवसभरात शंभरेक वेळा तरी कंट्रोल आणि टी दाबून नवा टॅब उघडला जातो, आणि प्रत्येक वेळी समोर येणारे पान माझ्या कामाचे नसते. मध्यभागी शोधपेटी, तिच्याखाली पूर्वी उघडलेल्या साइटींच्या चौकटी, त्यांच्यात मिसळलेल्या एकदोन प्रायोजित चौकटी आणि त्याखाली क्रिकेटपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळ्या बातम्या. गिऱ्हाईक शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडेच पाहत असते, त्यामुळे त्याचेही लक्ष बातमीत जाते आणि "जरा ते उघडा बघू" अशी फर्माईश होते.

हा केवळ कटकटीचा विषय असता तर मी धागा काढला नसता. गेल्या पावसाळ्यात मी बँकेत गेलो असताना मुलाने नव्या टॅबमधील शोधपेटीत उत्पन्नाच्या दाखल्याचे नाव टाइप केले आणि सर्वांत वर आलेला दुवा उघडला. ती साइट सरकारी नव्हती, सरकारी साइटीसारखी दिसणारी होती. अर्ज भरून झाला, 'सेवा शुल्क' म्हणून ३५० रुपये गेले आणि दाखला अर्थातच आला नाही. त्या बाईंचे पैसे मी खिशातून परत केले. पैशांपेक्षा त्यांचा आधार क्रमांक कुठल्या कुठे गेला, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून मला नव्या टॅबवर माझे स्वतःचे पान हवे आहे, ज्यावर आमच्याकडे रोज लागणाऱ्या पंधरा-सोळा साइटींचे खात्रीचे दुवे मोठ्या अक्षरांत, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असतील आणि बातम्या मुळीच नसतील. असे पान मी बनवलेही आहे, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये होमपेज म्हणून त्याचा पत्ताही दिला आहे. ब्राउझर सुरू करताना ते येते, परंतु कंट्रोल-टी दाबले की पुन्हा तेच जुने पान येते. माझे काय चुकते आहे?

चंदगडी

बुकमार्कची पट्टी कायम दिसेल अशी ठेवा आणि सगळे दुवे तिथे टाका. एवढ्यासाठी पान कशाला बनवायचे?

जांबोटी_रोड

ते करून पाहिले, दादा. पट्टीवर आठ-नऊ नावे मावतात आणि बाकीची उजवीकडच्या दुहेरी बाणाखाली लपतात. शिवाय अक्षरे इतकी बारीक आहेत की 'जातीचा दाखला' आणि 'जमिनीचा उतारा' या दोहोंचे पहिले अक्षर पाहूनच मुलगा क्लिक करतो.

उद्यमबाग

आपले काहीही चुकलेले नाही. होमपेज आणि नवा टॅब या ब्राउझरच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. होमपेज म्हणजे ब्राउझर सुरू होताना किंवा घराच्या चिन्हावर क्लिक केल्यावर येणारे पान, आणि त्याचा पत्ता बदलण्याची मुभा जवळजवळ सर्व ब्राउझर देतात. संगणकावरच जपून ठेवलेली फाइलसुद्धा तिथे चालते. आपण अल्ट दाबून होम ही कळ दाबून पाहा, आपलेच पान येईल. नव्या टॅबच्या बाबतीत मात्र ब्राउझर बनवणाऱ्यांनी ही मुभा राखून ठेवली आहे.

यामागे थोडा इतिहास आहे. सुरुवातीच्या काळात नवा टॅब कोराच असे. २००७ मध्ये ऑपेराने 'स्पीड डायल' आणले, म्हणजे नव्या टॅबवर तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटी, ज्यांत वापरकर्त्याने आपल्या आवडीच्या साइटी लावायच्या. २००८ मध्ये क्रोम आले तेव्हा त्याच्या नव्या टॅबवरही नऊ लघुचित्रे होती, परंतु ती निवडण्याचे काम ब्राउझरने स्वतःकडे घेतले होते, कारण सर्वाधिक उघडलेल्या साइटी तिथे आपोआप येत. फायरफॉक्सने २०१२ मध्ये, १३व्या आवृत्तीत, कोऱ्या पानाच्या जागी अशीच चित्रे आणली. तरीही फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिगच्या, म्हणजे आतल्या बारीकसारीक सेटिंगच्या, यादीत नव्या टॅबचा पत्ता बदलण्याची एक ओळ होती आणि माहीतगार लोक ती सर्रास वापरत. फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत येणारी भुरटी साधने हीच ओळ परस्पर बदलून लोकांचा नवा टॅब आपल्या जाहिरातींच्या पानाकडे वळवू लागली, म्हणून २०१५ मध्ये ४१व्या आवृत्तीत ती ओळ काढून टाकण्यात आली. चोरांमुळे घरमालकाचीही किल्ली गेली, असा तो प्रकार आहे. तेव्हापासून आपले पान आणायचे तर ते एक्स्टेंशनच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या, वाटेने आणावे लागते.

आपण कोणता ब्राउझर वापरता, ते सांगावे. त्यानुसार पुढचे लिहितो.

जांबोटी_रोड

एका संगणकावर क्रोम आहे आणि दुसऱ्यावर फायरफॉक्स.

उद्यमबाग

मग प्रथम एक्स्टेंशनशिवाय काय होते ते पाहू, कारण पुष्कळांचे काम तेवढ्यावर भागते.

क्रोममध्ये नव्या टॅबच्या उजव्या कोपऱ्यात खाली पेन्सिलीचे चिन्ह असते. तिथून शॉर्टकट आपले आपण ठरवता येतात, अन्यथा क्रोम सर्वाधिक उघडलेल्या साइटी दाखवत राहते. आपले ठरवलेले शॉर्टकट जास्तीत जास्त १० ठेवता येतात आणि त्यांची नावे मराठीत लिहिता येतात. मागचे चित्र बदलता येते, चौकटींखालील कार्डे बंद करता येतात. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'होम' या विभागात प्रायोजित शॉर्टकट आणि बातम्या यांच्यासमोरील खुणा काढून टाकल्या की पान बरेच स्वच्छ होते. चौकटींच्या रांगा एकपासून चारपर्यंत वाढवता येतात, आणि चौकटीवरील टाचणीने ती जागच्या जागी पक्की करता येते. मात्र 'नवे टॅब' या ओळीसमोर माझ्याकडील आवृत्तीत दोनच पर्याय दिसतात, फायरफॉक्सचे स्वतःचे पान किंवा कोरे पान.

आपल्याला सोळा दुवे, दोन भाषा आणि मोठी अक्षरे हवी असल्यामुळे हे पुरेसे होणार नाही.

मलप्रभाकाठ

एक्स्टेंशनच्या दुकानात नव्या टॅबची तयार एक्स्टेंशने ढिगाने मिळतात. घड्याळ, हवामान, कामांची यादी, निसर्गचित्रे असे सगळे त्यांत असते. माझ्याकडे एक आहे आणि रोज सकाळी नवा डोंगर दिसतो. ते घ्या की!

उद्यमबाग

घरच्या संगणकावर हौस म्हणून जरूर घ्यावे. जांबोटीकरांच्या दुकानात मात्र मी ते घेऊ देणार नाही, आणि कारण सविस्तर सांगतो.

एक्स्टेंशन बसवताना ब्राउझर एक छोटी चौकट दाखवतो आणि त्यात ते एक्स्टेंशन कोणकोणत्या परवानग्या मागते आहे ते लिहिलेले असते. केवळ नवा टॅब बदलणाऱ्या एक्स्टेंशनला तेवढीच परवानगी पुरते. त्या चौकटीत 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाचे वाक्य असेल, तर त्या एक्स्टेंशनला तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानावरील मजकूर दिसू शकतो. घड्याळ दाखवायला एवढे सगळे कशाला लागते, हा प्रश्न विचारायला हवा. दुसरे असे की आज चांगले असलेले एक्स्टेंशन उद्या दुसऱ्या कोणाला विकले जाऊ शकते, आणि ते आपोआप अद्ययावत होत असल्यामुळे मालक बदलल्याचे आपल्याला कळतही नाही. ज्या संगणकावर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि ओटीपी टाइप होतात, तिथे निसर्गचित्राचे हे मोल परवडणारे नाही.

स्वतःचे एक्स्टेंशन बनवणे हे नावावरून वाटते तितके अवघड नाही. क्रोमसाठी एक फोल्डर आणि त्यात दोन फाइली एवढेच लागते. पहिली फाइल म्हणजे आपण बनवलेले पान. दुसरी मॅनिफेस्ट डॉट जेसन, म्हणजे एक्स्टेंशनची ओळख ब्राउझरला सांगणारी फाइल, जिचे नाव रोमन अक्षरांत, सगळी लहान लिपीतील अक्षरे वापरून लिहावे. तिच्यात चार गोष्टी सांगायच्या असतात. मॅनिफेस्टची आवृत्ती ३ आहे, एक्स्टेंशनचे नाव अमुक आहे, त्याची आवृत्ती तमुक आहे आणि 'क्रोम यूआरएल ओव्हरराइड्स' या शीर्षकाखाली न्यूटॅबच्या जागी आपल्या पानाच्या फाइलीचे नाव. परवानग्यांची ओळ लिहायचीच नाही, कारण कुठलीही परवानगी लागत नाही. मग क्रोमच्या एक्स्टेंशनच्या पानावर जाऊन 'डेव्हलपर मोड' सुरू करावा, 'लोड अनपॅक्ड' हे बटण दाबावे आणि तो फोल्डर दाखवावा. फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नये, कारण कोणीतरी साफसफाई करताना तो उडवतो आणि मग पानही जाते.

फायरफॉक्समध्ये हेच दोन फाइलींचे एक्स्टेंशन चालते, परंतु तिथे एक जादा पायरी आहे. फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्तीत २०१६ पासून, म्हणजे ४८व्या आवृत्तीपासून, ते बनवणाऱ्या मोझिलाची स्वाक्षरी नसलेले एक्स्टेंशन कायमचे बसत नाही. तात्पुरते बसवता येते, पण ब्राउझर बंद केला की ते जाते. मोझिलाच्या साइटीवर खाते काढून, एक्स्टेंशन सार्वजनिक यादीत न टाकता केवळ स्वाक्षरीसाठी पाठवता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

शहापूरचे_मास्तर

चर्चा वाचतो आहे. मी निवृत्त शिक्षक आहे, संगणकातले मला फार कळत नाही, परंतु अशा दुकानांत गिऱ्हाईक म्हणून नेहमी जातो. पानावर काय लिहिणार आहात, याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे शेतकरी दुकानात येऊन 'आरटीसी' मागत नाही, तो 'उतारा' मागतो. कन्नड बोलणारा 'पहणी' म्हणतो. कागद एकच, आणि तो कर्नाटकाच्या भूमी प्रकल्पाच्या साइटीवर मिळतो. त्याच शेतकऱ्याची दोन एकर जमीन चंदगड तालुक्यात सासुरवाडीकडून आलेली असली, तर तो त्याच दमात 'सातबारा' मागतो आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या महाभूलेखकडे जावे लागते. कर्नाटकातला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीचा, वीजबिल हेस्कॉमचे, बाकीच्या पुष्कळ योजनांचे अर्ज सेवासिंधूवर. पानावर साइटींची नावे लिहिलीत तर ती तुम्हाला कळतील, मदतनीसाला निम्मी कळतील आणि गिऱ्हाइकाला मुळीच कळणार नाहीत. बाकावर बसलेला माणूस जो शब्द उच्चारतो तोच शब्द चौकटीवर मोठा लिहावा आणि साइटीचे नाव त्याखाली लहान लिहावे.

आणखी एक सुचवतो. दोन राज्यांच्या चौकटींचे रंग वेगळे ठेवावेत. आपल्या सीमेवरच्या दुकानांत चूक होते ती बहुधा इथेच.

जांबोटी_रोड

सर, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी पहिल्या चौकटीवर 'लँड रेकॉर्ड्स' असे लिहून ठेवले होते!

निपाणी_अक्षरजुळणी

मी निपाणीत डीटीपीचे काम करते, त्यामुळे अक्षरांपुरते सांगते.

पान नोटपॅडमध्ये लिहिले असेल तर जपून ठेवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना, हे पाहावे. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये ते एएनएसआय असे आणि तसेच जपले तर सगळ्या देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. ती पुन्हा अक्षरांत येत नाहीत, मजकूर नव्याने टाइप करावा लागतो. पानाच्या सुरुवातीला कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ असल्याचे सांगणारी मेटाची ओळही हवी, नाहीतर फाइल चांगली असूनही पडद्यावर विचित्र लॅटिन चिन्हांची रांग उमटते. ही दुसरी चूक भीतिदायक दिसते, पण एका ओळीत दुरुस्त होते.

फॉन्टसाठी इंटरनेटवर अवलंबून राहू नये, कारण लाइन गेली की पानाचा चेहरा बदलतो. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट संगणकातच असतो आणि त्यात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या आहेत. दोन भाषा एकाखाली एक लिहायच्या असतील तर एकाच फॉन्टमधील अक्षरे बरोबरीची दिसतात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवू नये. इंग्रजीसाठी बनवलेल्या चौकटींचे नमुने उचलले की 'अर्ज' मधला रफार आणि 'किंवा' मधला अनुस्वार वरून छाटला जातो. तसेच चौकटीची उंची पक्की ठरवू नये, कारण मराठी मजकूर दोन ओळींत गेला की खालची ओळ अर्धी कापली जाते.

मराठी मजकुराला भाषा मराठी आणि कन्नड मजकुराला भाषा कन्नड असे पानात सांगून ठेवावे. ज्या फॉन्टांत तशी सोय केलेली असते त्यांत त्यामुळे ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची न येता आपल्या वळणाची येतात. पुष्कळांना हे दिसत नाही. मला दिसते, आणि मग दिवसभर खुपत राहते.

मलप्रभाकाठ

ताई, मी आताच दोन्ही ल शेजारी ठेवून पाहिले. आता मलाही खुपणार.

जांबोटी_रोड

आठ दिवसांनी लिहितो आहे. सर्वांचे आभार. क्रोमच्या संगणकावर पान सुरू झाले आहे. काय काय अडले, ते लिहून ठेवतो.

पहिला दिवस घड्याळात गेला. मी पानाच्या कोपऱ्यात वेळ आणि तारीख दाखवण्यासाठी जावास्क्रिप्टच्या चार ओळी पानातच लिहिल्या होत्या. फाइल एरवी उघडली की घड्याळ चालायचे आणि एक्स्टेंशन म्हणून उघडली की कोपरा कोरा. उद्यमबाग यांना व्यक्तिगत निरोप पाठवला तेव्हा कळले की एक्स्टेंशनच्या पानात मजकुरातच लिहिलेली स्क्रिप्ट सुरक्षेसाठी चालू दिली जात नाही. तीच चार ओळींची स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत ठेवून पानातून तिचे नाव दिले, आणि घड्याळ चालू झाले. म्हणजे माझ्या फोल्डरमध्ये दोनाच्या तीन फाइली झाल्या.

पहिल्यांदा नवा टॅब उघडला तेव्हा क्रोमने हे पान एका एक्स्टेंशनने बदलले आहे, तुम्हाला हेच हवे होते का, असे विचारले. मी दुकानात नसताना मुलाने घाबरून जुने पान परत आणण्याचे बटण दाबले आणि एक्स्टेंशन बंद पडले. त्याला दोष देत नाही, कारण अनोळखी प्रश्नाला 'नको' म्हणावे असे मीच त्याला त्या ३५० रुपयांनंतर शिकवले होते.

पानावर मी एक शोधपेटी ठेवली होती आणि टॅब उघडताच कर्सर तिच्यात यावा अशी अपेक्षा होती. तो येत नाही. कर्सर वर पत्त्याच्या पट्टीतच राहतो. दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या.

उद्यमबाग

त्यावर आणखी संध्याकाळी घालवू नयेत. नवा टॅब उघडला की कीबोर्डचा ताबा प्रथम पत्त्याच्या पट्टीकडे जाणार, हे क्रोमने ठरवलेलेच आहे आणि पानाने तो खेचून घेऊ नये अशी त्यांची अपेक्षा आहे. आपली शोधपेटी काढून टाकावी. आपल्या बाबतीत ती नसलेलीच बरी, कारण ती ३५० रुपयांची गोष्ट शोधपेटीतूनच सुरू झाली होती.

जांबोटी_रोड

काढली. तिच्या जागी आता चौकटींची आणखी एक रांग बसली.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. गिऱ्हाइकाच्या खात्यात लॉग-इन करायचे असेल तेव्हा आम्ही इन्कॉग्निटो खिडकी उघडतो, म्हणजे एकाचे खाते दुसऱ्याला दिसत नाही. त्या खिडकीत आमचे पान येतच नाही, तिथे क्रोमचे काळे पान येते. दिवसातील निम्मे काम त्या खिडकीत होते.

उद्यमबाग

बरोबर आहे, इन्कॉग्निटोमधील नवा टॅब बदलण्याची परवानगी क्रोम कोणत्याही एक्स्टेंशनला देत नाही. त्यावर सोपा उपाय असा की सुरुवात साध्या खिडकीतील आपल्या पानावरून करावी, हव्या त्या चौकटीवर उजवे क्लिक करावे आणि दुवा इन्कॉग्निटो खिडकीत उघडण्याचा पर्याय निवडावा. पत्ता आपला खात्रीचा राहतो आणि खातेही वेगळे राहते.

मात्र एक गोष्ट मुलाला पक्की सांगून ठेवावी. एकाच वेळी उघडलेल्या सर्व इन्कॉग्निटो खिडक्या मिळून एकच सत्र असते. पहिल्या गिऱ्हाइकाची खिडकी मागे तशीच ठेवून दुसऱ्यासाठी नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडली, तर तिच्यात पहिल्याचेच खाते उघडलेले दिसू शकते. एकाचे काम संपले की तसल्या सर्व खिडक्या बंद कराव्यात आणि मगच दुसऱ्याला बसवावे.

चंदगडी

हे मात्र मला माहीत नव्हते. बुकमार्कच्या पट्टीबद्दलचे माझे मत तूर्त राखून ठेवतो.

माझे काम बहुतेक मोबाइलवर असते. तिथे असे पान लावता येईल का?

उद्यमबाग

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेंशन बसत नाही. तिथे होमपेजला स्वतःचा पत्ता देता येतो, तेवढ्यावर समाधान मानावे.

जांबोटी_रोड

फायरफॉक्सच्या संगणकावर स्वाक्षरीची वाट न पाहता तूर्त होमपेजवरच भागवतो आहे आणि मुलाला कंट्रोल-टीऐवजी अल्ट-होमची सवय लावतो आहे. एक फरक त्याने स्वतःच शोधला. अल्ट-होमने नवा टॅब उघडत नाही, आहे त्याच टॅबमध्ये पान येते. अर्धा भरलेला अर्ज असा एकदा गेला. आता तो आधी कंट्रोल-टी आणि मग अल्ट-होम असे दोन्ही करतो.

मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे कर्नाटकाच्या चौकटी फिक्या पिवळ्या आणि महाराष्ट्राच्या फिक्या निळ्या ठेवल्या आहेत. रेल्वे, पॅन अशा केंद्राच्या चौकटी पांढऱ्या आहेत. प्रत्येक चौकटीच्या तळाशी साइटीचा पत्ता लहान अक्षरांत लिहिला आहे आणि सरकारी पत्त्यातील शेवटचे 'जीओव्ही डॉट इन' तेवढे ठळक केले आहे, कारण त्या शेपटीचा पत्ता सरकारी कार्यालयांनाच मिळतो. उघडलेल्या पानाची शेपटी चौकटीवरच्या शेपटीशी जुळवून मगच टाइप करायला लागायचे, असा आमचा नियम झाला आहे. कालच बिडी गावाकडून आलेल्या एका आजोबांनी स्टुलावर बसल्या बसल्या कन्नडमधील 'पहणी' वाचले आणि मुलाच्या आधी पडद्यावर बोट ठेवले.

पडद्याचे चित्र सोबत जोडले आहे.

निपाणी_अक्षरजुळणी

चांगले दिसते आहे. कन्नड ओळ मराठीपेक्षा एक आकडा मोठी करावी, तिची अक्षरे गोल असल्यामुळे त्याच मापात लहान भासतात. माझ्या दुकानासाठी हा फोल्डर मिळेल का? दुवे मी माझे घालीन.

जांबोटी_रोड

जरूर, ताई. झिप करून आज रात्री पाठवतो. मॅनिफेस्टमधील नाव तेवढे बदलून घ्या, त्यात खानापूर आहे.

शहापूरचे_मास्तर

चित्र मोठे करून पाहिले. रंग योग्य आहेत. दुसऱ्या रांगेतील तिसऱ्या चौकटीत 'उत्पनाचा दाखला' असे झाले आहे. एक न कमी पडला आहे.

जांबोटी_रोड

घातला, सर. फाइल जपून ठेवली आणि नवा टॅब उघडला, तोवर तो न जागेवर आला होता. एक्स्टेंशन पुन्हा भरावे लागले नाही.